तिसऱ्या बाकावरची बाई

माझी लेक जालन्याला एक खोली घेऊन राहते. तिथं एका दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलावर बसते, पेशंटचे नंबर लावते. महिन्यातून एक-दोनदा फोन होतो. मी विचारते, जेवलीस का? ती म्हणते, जेवले. मी विचारते, घरी कधी येतीस? ती म्हणते, बघू. दोनदा मी स्वतः तिला न्यायला गेले. दोन्ही वेळेला तिनं चहा केला, पोहे केले, बसवून घेतलं आणि संध्याकाळच्या गाडीत मला एकटीला परत बसवून दिलं. तिला दोष कुठल्या तोंडानं देऊ? ती घरी येत नाही त्याला मी काढलेलं एक चित्र कारण आहे. चित्रात स्टेशनच्या बाकावर एक बाई एकटी बसलेली आहे. ती बाई म्हणजे माझी लेक. आठ गुरुवार मी समोर बसून तिला काढलं, आणि मला ती ओळखू आली नाही. हे सगळं लिहायला बसलेय खरी, पण आधीच सांगून ठेवते, यात मी कुठंच शहाणी ठरत नाही.

मी शाळेत चित्रकलेची बाई होते. सगळी नोकरी पोरांच्या वह्यांतले डोंगर बघण्यात गेली. तीन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नारळाचं झाड. मराठवाड्यात नारळ कुठून आला रे, म्हणून मी ओरडायचे. पोरं म्हणायची, बाई, चित्रात असतोय. रिटायर झाले तेव्हा ठरवलं, आता समोर बसून खरं काहीतरी काढायचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, हर्सूलला गेलेली, घरात मी आणि कुकर. शेजारणी म्हणाल्या, भजनी मंडळात या की. म्हटलं, बायांनो, मला टाळ धरता येत नाही, पेन्सिल धरता येते. गुरुवारी माझा उपास, म्हणजे स्वयंपाकाची कटकट नाही, म्हणून गुरुवार धरला. मुकुंदवाडीचं स्टेशन घरापासून पायी दहा मिनिटांवर. दुपारी तीनला वही, घडीचं स्टूल आणि पाण्याची बाटली घेऊन निघायचे. लेकीला हे सगळं माहीत होतं. फोनवर हसून म्हणायची, झाला का तुझा गुरुवार?

स्टेशन लहान आहे. मोठ्या गाड्या त्याच्याकडं न बघता धाडधाड निघून जातात. मधल्या वेळात माणसं जागची हलत नाहीत, त्यामुळं काढायला बरी. पण बाईमाणूस वही घेऊन बसलं की लोकांना चैन पडत नाही. "मॅडम, सर्वे है क्या?" "बाई, एक्स्प्रेस थांबणार का आता इथं?" एका पेरूवाल्यानं तर मला रेल्वेची समजून शेड गळतंय म्हणून तक्रार केली. मी चित्र काढतेय म्हटल्यावर त्याचं तोंड पार उतरलं. "चित्रानं काय व्हणार, बाई?" म्हणाला. मी चिडले होते तेव्हा. आज विचारलं तर गप बसेन.

माझी चित्र काढायची पद्धत नीट सांगायला हवी, कारण घात तिनंच केला. वर्गात मी पोरांना सांगायचे, डोळे किलकिले करून बघा. नाक-डोळे दिसायला लागले की तुम्ही नाक-डोळेच काढत बसता अन् चित्राचा सत्यानाश करता. आधी उजेड कुठं, सावली कुठं, तेवढंच बघा. माणूस नंतर. मला डोळे किलकिले करायचीही गरज नाही. माझा लांबचा नंबर मोठा आहे. चष्मा काढला की वही स्वच्छ दिसते आणि पलीकडचं सगळं विरघळून जातं. तर मी चष्मा काढून पर्समध्ये ठेवायचे. दुसरा नियम असा की जिचं चित्र काढायचं तिच्याजवळ जायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही. बोललं की ती पदर सारखा करते, ताठ बसते, फोटोला बसल्यासारखी हसते. मग ती तिची राहत नाही. हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलं होतं की मला ते शास्त्रच वाटायला लागलं होतं.

आता लेकीचं सांगते. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीच्या आधी ती एका दुपारी बॅग घेऊन दारात उभी राहिली. एकटी. डोळे सुजलेले. मी चहा केला. तिनं सांगायला सुरुवात केली, नवरा बोलतो कसा, सासू उपाशी ठेवते कशी, आणि मी तिला अर्ध्यातच थांबवलं. म्हटलं, सगळ्यांच्या घरी असतं, जरा दम धर. मीपण असे दिवस काढलेत. आमच्यात लेक अशी एकटी बॅग घेऊन येत नाही. माहेरचं माणूस न्यायला जातं, मानानं घेऊन येतं. भाऊ नाही तिला, बाप नाही, म्हणजे न्यायला जाणारी मीच. मी तिला म्हणाले, "पुन्हा अशी येऊ नको. मी न्यायला येईन तेव्हाच यायचं." दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली आणि बॅगसकट परत पाठवलं. दिल्या घरी सुखी राहा, असंही म्हणाले वर. जिभेला हाड नसतं म्हणतात, तसली माझी जीभ. मला वाटलं, मी तिचा संसार वाचवला. त्यानंतर फोनवर ती "बरंय" म्हणायची आणि मी ते खरं धरायचे. दिवाळीला न्यायला जाते म्हटलं तर तिच्या सासूनं सांगितलं, यंदा नको, आमच्याकडं पाहुणे आहेत. मी बरं म्हटलं. बरं म्हणायला मी लई तयार.

ती बाई पहिल्यांदा आली तो उन्हाळा होता. समोर, रुळांच्या पलीकडं कडुनिंबाखाली तीन बाक आहेत, त्यातल्या तिसऱ्या, शेवटच्या बाकावर येऊन बसली. अंगात क्रीम रंगाचा लांब बाह्यांचा सनकोट, हातात मोजे, तोंडाला पूर्ण स्कार्फ, वर काळा गॉगल. आमच्याकडं उन्हाळ्यात अर्ध्या शहरातल्या बायका अशाच असतात. सख्खी बहीण सिग्नलला शेजारी उभी राहिली तरी कळत नाही. त्यात माझा चष्मा पर्समध्ये. मला दिसलं ते इतकंच: सावलीत एक उजळ क्रीम आकार, त्यात डोक्याच्या जागी गडद निळा गोळा, आणि मांडीवर दोन्ही हात. मला तो आकार भारी आवडला. मी पान उलटलं आणि काढायला लागले.

एक गाडी आली, ती चढली नाही. दुसरी आली, तिच्यातून कुणी उतरून तिच्याकडं आलं नाही. तासभर बसली आणि उठून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा हजर.

मी आयुष्यात अशी बाई बघितली नव्हती. बायका स्टेशनवर नुसत्या बसत नाहीत हो. त्या पिशव्या मोजतात, पोरांना दटावतात, डबा उघडतात, नाहीतर फोनवर भाजी काय करायची ते सांगतात. ही काहीच करत नव्हती. समोर बघत बसायची. म्हणजे माझ्याच दिशेला. मला वाटलं, घरच्यांना काहीतरी थाप मारून ही बाई तासभर स्वतःसाठी चोरून आणते. आणि खरं सांगते, मला तिचा हेवा वाटला. लग्न झाल्यापासून असा एक तास मला मिळाला नव्हता, आणि मिळाला तेव्हा घरात कुणी उरलं नव्हतं. मनात म्हटलं, बाई, तू जिंकलीस. शेजारणीलाही मी सांगितलं, एक बाई येते बघ, लई निवांत आहे. दिसली की माझा दिवस चांगला जातो.

चौथ्या गुरुवारी ती वाकडी बसली होती. डोकं खाली, खांदा माझ्याकडं, स्कार्फ अगदी कपाळापर्यंत ओढलेला. मी आधी वैतागले. बाई, जरा इकडं वळ की, असं पुटपुटलेसुद्धा. मग लक्षात आलं की मानेची रेष काय सुरेख आलीय. सावली गालावरून खांद्यावर एकसंध उतरत होती. त्या दिवशी मी तीन पानं भरली, आणि पुढं मोठं चित्र केलं ते त्याच बैठकीवरून.

सहाव्या की सातव्या गुरुवारी तिनं हात वर केला. खांद्याच्याही वर, आणि तसाच थोडा वेळ ठेवला. मला वाटलं, स्कार्फ सारखा करतेय. हललेली रेष खोडायला मी खोडरबर शोधत होते. वर बघितलं तेव्हा हात खाली आलेला होता.

नवव्या गुरुवारी ती आली नाही. दहाव्याही नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, पण चित्राला पुरेल एवढं माझ्याकडं होतं.

त्याच दिवसांत लेकीचा फोन आला. म्हणाली, "मी जालन्याला आलेय. मैत्रिणीकडं. इथं काम मिळालंय." मी ओरडले. घरच्यांना विचारलंस का, म्हणाले. ती म्हणाली, "कुठल्या घरच्यांना, आई?" मग मी नवऱ्याबद्दल विचारलं, वकिलाबद्दल विचारलं, लोक काय म्हणतील तेही विचारलं. ती कशी आहे, हे विचारायचं राहिलं. महिनाभर मी फुगून बसले होते. आता घरात राग झेलायला कुणी नव्हतं, म्हणून तो सगळा कॅनव्हासवर काढला. चित्र झालं मात्र असं की माझं मलाच खरं वाटेना. मोकळा प्लॅटफॉर्म, कडुनिंबाची सावली, एका टोकाला क्रीम कोटातली बाई. नाक नाही, डोळे नाहीत, तरी बसलेली दिसते. नाव दिलं "निवांत".

आम्ही काही रिटायर कलाशिक्षक मिळून उस्मानपुऱ्यात एक हॉल भाड्यानं घेतो आणि तीन दिवसांचं प्रदर्शन लावतो. या वेळी माझं चित्र दाराच्या अगदी समोर लावलं होतं. उद्घाटनाला आलेले पाहुणे त्याच्यासमोर पाच मिनिटं उभे राहिले. एकांताचं सुख कसं पकडलंय, असं म्हणाले. मी हवेत होते. मोबाइलवरून सगळ्यांना फोटो पाठवले. लेकीलाही पाठवला, राग विसरून. तिचं उत्तर आलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी ती स्वतः आली. चष्मा डोळ्यावर होता, त्यामुळं स्कार्फ असूनसुद्धा मी तिला दारातच चालीवरून ओळखलं. इतक्या महिन्यांनी येत होती. ती माझ्याकडं न येता सरळ चित्रासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आईचं कौतुक बघायला आलीय. मी लगबगीनं गेले आणि म्हणाले, "कशी वाटली गं माझी बाई?"

"कोण आहे ही?" तिनं विचारलं.

"काय माहीत! पण लई निवांत बाई बघ. दर गुरुवारी यायची, तासभर बसायची, ना कुणाची वाट बघणं ना काही. मी म्हटलं, असं जगता आलं पाहिजे." मी बोलतच सुटले. सावली कशी सापडली, मानेची रेष कशी सापडली, नाव कसं सुचलं. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. लहानपणी ती कधी मला पूर्ण बोलू देत नसे.

मग म्हणाली, "आई, ही मी आहे."

मी हसले. खरंच हसले मी. म्हटलं, "काहीतरीच काय?"

"शेवटचा बाक. कडुनिंबाखाली. तुझ्या उजव्या पायाशी पाण्याची बाटली असायची, आणि तू पेन्सिल दातात धरायचीस." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी हर्सूलवरून दोन रिक्षा बदलून यायचे. तू म्हणाली होतीस, मी न्यायला येईन तेव्हाच यायचं. म्हणून मी घरी नाही आले. तू जिथं असतीस तिथपर्यंत आले, आणि बसले. म्हटलं, बघितल्यावर तर उठून येईल."

"अगं पण हाक मारायचीस! पटरी ओलांडली की..."

"हाक मारली असती तर मी आले असते, आई. तू न्यायला आलेली नसतीस."

मी चष्म्याचं सांगायला लागले. लांबचं दिसत नाही, मी काढून ठेवते, पद्धत असते ती, डोळे किलकिले... तिनं मान हलवली. म्हणाली, "मला ते माहीत नव्हतं. तू बघायचीस गं माझ्याकडं. वहीतून मान वर करून करून बघायचीस. इतकं तर तू मला कधीच बघितलं नव्हतंस. मला वाटलं, हिनं ओळखलंय, आणि ही मुद्दाम येत नाही. एकदा मी हातसुद्धा केला. तू खाली मान घातलीस."

खोडरबर शोधत होते मी. हे तिला सांगणार कसं? नाही सांगितलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी किती पोरांना हसत हसत सांगितली असेल. तिथं उभी राहून मला ती आठवली आणि माझीच मला किळस आली.

"घरी चल," मी म्हणाले. "आत्ता चल. मी न्यायला आलेय असं समज."

तिनं गॉगल डोक्यावर सरकवला आणि स्कार्फ सोडला. मी आठ-नऊ महिन्यांत तिचं तोंड बघितलं नव्हतं. गाल बसले होते. आणि डाव्या भुवईतून एक व्रण वर कपाळात गेला होता, गुलाबी, टाक्यांच्या खुणा दोन्ही बाजूंनी. मी बोट पुढं केलं, पण लावायचं धाडस झालं नाही.

"हे कधी?"

तिनं चित्राकडं हात केला. चित्रातल्या खाली झुकलेल्या मानेकडं, त्या एकसंध सावलीकडं. "हेच की. याच वेळचं. आदल्या दिवशी टाके घातले होते. मी म्हटलं, आज तरी आई येईल."

मी त्या सावलीसाठी तीन पानं भरली होती. तिचा रंग जमेना म्हणून दोनदा पुसून पुन्हा लावली होती.

मी रडायला लागले तर तिनं मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. आई मीच असायला हवी होते, पण ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. म्हणाली, "तू ओळखलं नाहीस हे बरं, की ओळखून आली नाहीस हे बरं, मला अजून कळत नाही. येताना वाटत होतं, विचारलं की मोकळं वाटेल. नाही वाटलं." मग घड्याळ बघितलं. चारची जालना गाडी होती. मी पुन्हा घरी चल म्हणाले. "नको. आता जमलंय माझं," म्हणाली. स्कार्फ पुन्हा बांधला, नीट, चापूनचोपून, गॉगल लावला आणि निघाली. मी दारापर्यंत गेले. ती पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली, रिक्षाला हात केला, बसली. वळून बघितलं की नाही ते गॉगलमुळं कळलं नाही.

मी आत येऊन चित्रासमोर उभी राहिले. ते उतरवावं असं वाटत होतं, पण हात उचलवत नव्हता. तेवढ्यात एक वयस्कर गृहस्थ शेजारी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात आमचं माहितीपत्रक. बराच वेळ चित्र बघत राहिले. मग अदबीनं म्हणाले, "मॅडम, हे तुमचंच ना? ही बाई कोण?"

"माझी लेक," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. "तरीच!" म्हणाले. "तरीच एवढं जिवाभावाचं उतरलंय. आईशिवाय असं कोण बघणार?"

आणि मेली मी, त्यांना थँक्यू म्हणाले.